य-अक्ष तीनशे नव्वदपासून

चंद्रशेखरकाकांच्या ट्रस्टच्या तीन अभ्यासिका. गेल्या महिन्यात कुठे किती पोरं बसली, त्याचा स्तंभालेख भैरवीनं यवतमाळात घरी बसून पायथॉनमध्ये काढला.

आलेख काढणाऱ्या प्रोग्रॅमनं आधी गावांच्या नावांच्या जागी रिकामे चौकोन छापले. देवनागरी फॉन्ट बसवण्यात तिची दुपार गेली. ढाणकीची अभ्यासिका कुंदाआत्या सांभाळायची. तिच्या गावाचं नाव तरी नीट यावं. आलं. प्रत्येक खांबाच्या डोक्यावर आकडाही आला.

पण खांब तिन्ही सारखेच.

“बेटा, फरक दिसला पाहिजे,” काका म्हणाले होते. तिनं य-अक्ष शून्याऐवजी ३९० पासून सुरू केला. (खांब इथे आडवे निजवलेत.)

दिग्रस ███████████ ४१२
लोहारा ████████ ४०५
ढाणकी ██ ३९४

दिसला फरक.

एक अभ्यासिका बंद करायचीय हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. तिनं विचारलंही नव्हतं. बैठकीत भिंतीवर आलेख पडला, सगळ्यांनी खांब पाहिले. आकडे वाचायला चष्मा लागतो.

आत्याचा फोन आला.

“माझा खांब लय बुटका निघाला म्हणे. पोट्ट्यांले चहा पाजून बसवाले पाह्यजे होतं का मी?” ती हसली. मग म्हणाली, “मीच कमी पडली असन, भैरू.”

भैरवीनं अक्ष शून्यावर आणला.

दिग्रस ████████████████████ ४१२
लोहारा ████████████████████ ४०५
ढाणकी ███████████████████ ३९४

आधी काकांना पाठवला.

“यात तर काहीच दिसत नाही. पहिला बरा होता.”

“काका, दिसण्यासारखं काही नव्हतंच.”

“आता ढाणकीची टेबलं गेली बेटा. सकाळीच गाडी भरली.”

आत्याला पाठवू नये असं तिला फार वाटलं. पण पाठवला नसता तर आत्या आयुष्यभर स्वतःलाच बुटकी समजली असती. तिनं पाठवला.

“हे तर सारखेच हायेत,” आत्या म्हणाली.

“हो.”

“तो बी तूच काढला, हा बी तूच?”

“हो आत्या. आकडे तेच आहेत. मी फक्त अक्ष...”

“अक्ष-बिक्ष मले नको सांगू. मंग टेबलं कायले गेली, तेवढं सांग.”