काचेला सोसेल अशी गाडी

फाल्गुन उतरणीला लागला होता. काटेसावरीच्या निष्पर्ण फांद्यांवर लालभडक फुलं पेटली होती, पिवळ्याधमक गवताच्या उतारांवर दुपार निःशब्द पसरली होती, आणि खोऱ्यापलीकडे, नीलधूसर उन्हात, वाघजाईचा डोंगर उभा होता. चैत्री पुनवेला त्या डोंगराच्या पायथ्याशी जत्रा भरायची.

डोंगराच्या अलीकडे, कासाराच्या अंगणात, एक म्हातारी पिकअप उभी होती. कधीकाळी ती शुभ्र होती; आता तिचा रंग ताकासारखा झाला होता आणि दारांच्या कडांना गंजाची ताम्रवर्णी झालर लागली होती. तिच्याखाली गोणपाट अंथरून मथुराबाई उताणी निजली होती. हातात पाना, केसांत माती, आणि कपाळावर कुंकवाच्या शेजारी काळ्या ग्रीसचं बोट.

घरात, खिडकीशी लावलेल्या खाटेवर, तिचा नवरा पडून होता. भागवत कासार. श्रावणात माळ्यावरून पडला आणि कमरेचं हाड मोडलं. हाड सांधलं, धाक तेवढा राहिला. बसायला हरकत नाही, चार पावलं चालायलाही नाही. मात्र हिसका बसता कामा नये, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि त्या गाडीत हिसक्यांवाचून दुसरं काही मिळत नव्हतं.

एरवी पंचक्रोशीतल्या लग्न ठरलेल्या पोरी वाघजाईच्या पायथ्याशी त्याच्याच हातून चुडा भरायच्या. पोरीचा तळवा हातात घ्यायचा, अंगठ्याखालचा उंचवटा हलकेच दाबायचा, आणि माप बोटांनी ओळखायचं. मेंदीचे हात, शेणामातीचे हात, भीतीनं गार पडलेले हात. त्या हातांवाचून त्याचे हात आता पांघरुणावर नुसते पडून असायचे.

यंदाची जत्रा चुकली तर धंदा बंद आणि गाडी भंगारात, असं त्यानं भिंतीकडे तोंड करून सांगून टाकलं होतं. भिंतीकडे तोंड करून बोललेलं तो सहसा फिरवत नसे. मथुराबाईला गाडीचं फारसं काही वाटलं नसतं. पण जत्रा सुटली की हा माणूस खाट सोडणार नाही, हे तिला कळून चुकलं होतं, आणि त्याची तिला मनापासून भीती वाटत होती.

"गाडी मऊ करते," ती म्हणाली. "मग तर याल न्हवं?"

"लोखंड कुटं मऊ हुतंय व्हय?" भिंतीकडून उत्तर आलं.

गाडी घेतल्यापासून भागवतनं ती गॅरेजवाल्याला दाखवली नव्हती. बिघडली की नवरा गाडीखाली, आणि बायको पान्यांची पिशवी घेऊन शेजारी. नुसता हात बाहेर आला की कोणता पाना द्यायचा, हे तिला पाठ होतं. आता पिशवीही तिची आणि गाडीखालची जागाही तिचीच होती.

तिनं चाकांमागे दगड लावले, गाडी जॅकवर उचलली, खाली लाकडी ठोकळ्यांचे टेकू दिले. चाकांवरच्या पाट्यांच्या, म्हणजे स्प्रिंगांच्या, बोल्टांना रॉकेल पाजलं. गंज भिजला, फुगला, आणि दुसऱ्या दिवशी कुरकुरत, शिव्या खात, एकेक बोल्ट निघाला. एकावर एक रचलेल्या त्या पोलादी, धनुष्याकृती पट्ट्यांतली एकेक पट्टी तिनं काढून टाकली, उरलेल्यांना ग्रीस चोळलं, चिरफळ्या उडालेले रबरी बुश बदलले. टायरांतली थोडी हवा सोडली. त्याला चढायला सोपं जावं म्हणून दाराखाली पायरी बसवली. मोडक्या शिलाई मशीनचं ते ओतीव, वेलबुट्टीदार पायदान होतं. ताकाच्या रंगाच्या त्या गाडीला काळी नक्षीदार पायरी चांगली शोभून दिसली.

खाटेवरचा माणूस सगळं ऐकत होता.

"येकाच अंगाचा पाटा काडू नगंस, गाडी कलंडंल," एकदा तो भिंतीला म्हणाला.

मथुराबाई गालात हसली. दोन्ही अंगांचे काढून झाले होते, पण तो बोलला याचंच तिला बरं वाटलं.

गाडी मऊ झाली की नाही, हे बघायला कासाराच्या घरात काचेखेरीज दुसरं काय असणार? तिनं हिरव्या बांगड्यांचा खोका भरला, कानाशी धरून हलवला, आवाज आला नाही तेव्हा समाधानानं मान हलवली आणि तो भागवतच्या जागेवर ठेवला. मग ओढ्याच्या दगडगोट्यांतून, बैलगाड्यांच्या चाकोऱ्यांतून, धुळीचं सोनेरी वस्त्र मागे सोडत, तिनं गाडी गावाला वळसा घालून आणली. खोका तिनं खाटेवर उघडला. हिरवीगार, अक्षत, ओलसर चमकणारी काच. एकीलाही तडा नव्हता.

भागवतनं बांगड्या पाहिल्या. मग दोन बोटांनी त्यांच्यामधून काहीतरी ओढून काढलं. भाताचा पिवळा पेंढा.

"ह्यो कशापायी भरलास?"

मथुराबाईनं कपाळाला हात लावला. जन्मभर पेंढ्यावाचून खोका भरलाच नव्हता. हात आपसूक गेले होते. परीक्षा गाडीची होती, आणि तिनं काचेला आधीच पास करून ठेवलं होतं. तिला हसूही आलं आणि स्वतःचा रागही आला.

पुन्हा खोका भरला, बिनपेंढ्याचा. पुन्हा तोच ओढा, त्याच चाकोऱ्या. या वेळी वाटभर काच किणकिणत होती. अंगणात येऊन तिनं झाकण उघडलं. फुटली हा शब्द कासाराच्या घरात बांगडीसाठी उच्चारत नाहीत.

"निम्म्या वाढल्या," ती गाडीच्या दारातून म्हणाली, आणि नव्या पायरीवर बसली.

"ऱ्हाऊ दे आता," आतून आवाज आला. त्यात राग नव्हता, नुसता थकवा होता. "लई केलंस. भंगारवाल्याला सांगावा धाड."

ऊन उतरत होतं. उघड्या खोक्यात हिरव्या काचेचे तुकडे झगमगत होते आणि त्यांच्याकडे बघत मथुराबाई रडली. डोळे पुसताना पदराला चिकटलेली पेंढ्याची काडी तिच्या बोटांना लागली. पहिल्या खेपेचा पेंढा. पाटे तेच, ओढा तोच, काचही तीच होती.

लग्न होऊन या घरात आली तेव्हा खोका भरायला त्यानंच शिकवलं होतं. काचेला धक्का मारत नाही मथुरे, काचेला पोकळी मारती, असं तो तेव्हा म्हणाला होता. आणि ती इतके दिवस नुसती धक्क्याच्या मागे लागली होती.

ती उठली. उरलेला सगळा पेंढा काढला, कोठीतली रिकामी पोती काढली, सुई-सुतळी घेतली, आणि त्याच्या खाटेसमोरच पेंढा भरलेली पोती शिवत बसली.

पुनवेच्या पहाटे पूर्वेला केशरी रेघ उमटत असताना भागवत काठी टेकत अंगणात आला. भिंतीकडे तोंड करून बोललेलं तो फिरवत नव्हता; त्यानं बोलायचंच टाळलं. नक्षीच्या पायरीवर पाय ठेवला, पुढच्या जागेवर बसला, आणि मथुराबाईनं त्याला भरायला घेतलं.

पाठीशी एक पोतं, मांड्यांखाली एक, दोन्ही कुशींना दोन. पोत्या-पोत्यांमधे मोकळा पेंढा. गुडघ्यांच्या फटीत पेंढा, कमरेच्या वळणात पेंढा, मुठीनं दाबून दाबून, हळूहळू, जराही जागा न सोडता. सुगीचा तो सुका, गोडसर गंध गाडीभर पसरला.  एवढं जवळून त्यांनी एकमेकांना श्रावणापासून पाहिलं नव्हतं.

मग ती खाली उतरली. दाराला खांदा लावून तिनं गाडी गदागदा हलवली आणि कान आत नेला.

"वाजतंय का?"

भागवतनं डोळे मिटले. कंबर ऐकली, मांडी ऐकली, सांधलेलं हाड ऐकलं.

"न्हाई वाजत," तो म्हणाला.

गाडी निघाली. ओढ्याचे दगड आले, चाकोऱ्या आल्या, घाटाची खडबडीत चढण आली. गाडी डुलत राहिली. पांगाऱ्याची लाल फुलं गाडीच्या पुढच्या काचेवरून सरकत गेली, आणि मागे रचलेल्या बांगड्यांच्या खोक्यांतून कसलाही आवाज आला नाही.

पायथ्याशी तिनं गाडी वडाच्या सावलीत लावली आणि दार सताड उघडलं. त्याला उतरवण्याची गरजच नव्हती. बघता बघता त्या दाराशी रंगीत लुगड्यांची रांग लागली. "काका, औंदा गाडीतच दुकान?" कुणीतरी विचारलं. पहिली पोर पायरीवर चढली, लाजत हात पुढे केला. भागवतनं तो हात हातात घेतला, अंगठ्याखाली हलकेच दाबला, आणि माप न विचारता हिरवी बांगडी उचलली. कुशीत पेंढा, शर्टावर पेंढा, पांढऱ्या केसांत पेंढ्याची एक सोनेरी काडी. मथुराबाईला ती दिसली. तिनं ती काढली नाही; तिथंच, त्याच्याजवळ, राहू दिली.