चौथी बॅग

पट्टा खांद्याला लावला तेव्हाच ॲनीला कळलं, ही तिने भरलेली बॅग नाही. काल तिने भरली ती फार तर तीन किलोची होती. ही सातेक किलोची भरत होती आणि एका अंगाला कलत होती. तिचा नवरा फेबियन अजून नालासोपाऱ्यातला फोटो स्टुडिओ बंद करून यायचा होता. तिने बॅग पलंगावर ठेवली, चेन उघडली आणि आतली एकेक वस्तू चादरीवर मांडायला घेतली.

तेवीस वर्षं फेबियनची बॅग तीच भरत आली होती. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी एका बाप्तिस्म्याला तो फ्लॅशची वायर घरी विसरून गेला, तेव्हापासून हे काम तिच्याकडे आलं ते आलंच. बॅग भरायच्या तिच्या तीन तऱ्हा होत्या. बाप्तिस्म्याला एक कॅमेरा, पन्नासची लेन्स, एक फ्लॅश. लग्नाला सगळं दुप्पट, आणि पेन्सिल सेल तिप्पट. मयताची बॅग सगळ्यांत हलकी. गावात कुणी गेलं की चर्चच्या आवारात शवपेटीभोवती सगळं घराणं उभं करून फोटो काढतात. कुवेत-बहरीनला अडकून पडलेल्या मुलांना तो पाठवायचा असतो. पेटी आणि चाळीस माणसं एका चौकटीत बसवायची तर अठ्ठावीसची रुंद लेन्स लागते. घरात तिला सरळ ‘मयताची लेन्स’च म्हणत. फ्लॅश लागत नाही, कारण मयत दुपारी चारच्या सुमाराला निघतं आणि तेव्हा भरपूर उजेड असतो.

या जानेवारीत पहिल्यांदा तिला चौथ्या तऱ्हेची बॅग भरायची वेळ आली. फेबियन घरी येऊन म्हणाला, परेश शेठ मुलीच्या लग्नाच्या अल्बमवर खूश आहेत, आपल्या दोघांना अंदमानची तिकिटं देतायत. परेश शेठ म्हणजे नालासोपाऱ्यातले बिल्डर. एवढं काय त्या अल्बममध्ये, असं ॲनीच्या मनात आलं होतं. पण आनंदात माणूस फार खोलात शिरत नाही. तिने रविवारच्या मिसेनंतर चर्चच्या पायरीवर चार बायकांना सांगितलं. शेजारच्या शकूकडे पिवळा ड्रेस शिवायला टाकला. शकू माप घेताना म्हणाली, “समुद्र बघाया विमानानं चाललीस? आन मंग ह्यो दारातला काय हाय, गटार?” ॲनी हसली होती. किनाऱ्यावरच्या राजोडीत जन्म काढलेल्या बाईने समुद्र बघायला जाणं ही गोष्ट हसण्यासारखीच होती.

सुट्टीच्या बॅगेचा तिने चार दिवस विचार केला. एक कॅमेरा. पन्नासची लेन्स. शंभरचे पाच रोल, कारण तिकडच्या उन्हाला तेवढे पुरतात. खाऱ्या हवेसाठी मऊ कापड आणि प्लास्टिकच्या पिशव्या. दवाखान्यातल्या नर्सकडून मागून आणलेल्या, औषधांच्या बरणीत असतात तशा, ओल शोषणाऱ्या पुड्या. फ्लॅश नको. लहान तिवई मात्र हवी, म्हणजे कॅमेरा तिच्यावर लावून दोघांना एका फोटोत येता येईल.

आता चादरीवर दोन कॅमेरे होते, दोन फ्लॅश होते, फ्लॅशला जोडायची पाच मीटरची वायर होती. शंभरचे रोल गेले होते, त्यांच्या जागी चारशेचे बारा होते. सेलची चार पाकिटं. तळाशी मोज्यात गुंडाळलेली मयताची लेन्स. तिवई नव्हती.

ॲनी पलंगाच्या कडेवर बसली. चारशेचा रोल कमी उजेडासाठी असतो. मयताची लेन्स आहे म्हणजे माणसं पुष्कळ आहेत. आणि पाच मीटरची वायर तेव्हाच लागते, जेव्हा एक फ्लॅश कॅमेऱ्यापासून लांब, दुसऱ्या कुणाच्या हातात धरलेला असतो. ते दुसरं कुणीतरी कोण, हे शोधायला तिला कुठे जावं लागलं नाही.

फेबियन आला आणि पलंगावरचा पसारा बघून दारातच थबकला. चपला काढायला त्याला नेहमीपेक्षा बराच वेळ लागला.

“कोनाचं काम आहे?” ॲनीने विचारलं.

“काम कसलं? असू दे म्हटलं, लागलं तर.”

“चारशेचे रोल?”

“ढग आले तर.”

“आनि मयताची लेन्स? ती पन ढगांसाठी?”

फेबियन खुर्चीत बसला. मग थोडं थोडं करून त्याने सगळं सांगितलं. शेठच्या आईवडिलांच्या लग्नाला पन्नास वर्षं होत होती. घरातली चौतीस माणसं अंदमानातल्या हॅवलॉक बेटावरच्या रिसॉर्टवर जाणार होती. तिकडचा फोटोग्राफर कसा निघेल कोण जाणे, म्हणून शेठने आपला नेहमीचाच न्यायचं ठरवलं. तिकिटं काढणाऱ्या एजंटला दिलेल्या यादीत चौतीस नावांच्या खाली लिहिलं होतं: फोटोग्राफर एक, हेल्पर एक.

शेवटचे दोन शब्द त्याने जरा खालच्या आवाजात उच्चारले.

“हेल्पर म्हनजे तसं नाय गं. यादीत काहीतरी लिहावं लागतं ना.”

“मग मला बक्षीस कशाला सांगितलंस?”

“काम आहे सांगितलं असतं तर आली असतीस?”

ॲनीने खरोखरच विचार केला. आली असती. आगाशीपासून नायगावपर्यंत किती मांडवांत ती आजवर फ्लॅश धरलेला हात वर करून उभी राहिली होती, याची गणती नव्हती. तशीच हॅवलॉकलाही राहिली असती. फक्त पिवळा ड्रेस शिवला नसता, आणि चर्चच्या पायरीवर तोंड उघडलं नसतं.

“दोनच संध्याकाळ काम आहे,” फेबियन म्हणाला. “बाकी दिवस आपले.”

“सकाळचं काय?”

“सकाळी पोरांचे काढायचेत. पान्यात खेळताना.”

“दुपारी?”

“दुपारी म्हातारा-म्हातारीचे. झाडाखाली.” मग त्यालाच ते ऐकवेना. “एरवी आपल्याला कोन नेनार होतं, बाय? तूच सांग.”

ते खरंच होतं. नालासोपाऱ्यात रंगीत लॅब झाल्या होत्या, लोक स्वतःचे कॅमेरे घेऊन रोल धुवायला येत होते. फेबियनला कामाला नाही म्हणून चालणार नव्हतं, हे तिला त्याच्याइतकंच ठाऊक होतं. तिला खुपत होतं ते इतकंच, की हे त्याने तिला बॅगेकडून कळू दिलं.

“सॅन्टनला घेऊन जा,” ती म्हणाली. सॅन्टन फेबियनचा धाकटा भाऊ.

“त्याचा हात थरथरतो. तुझ्यासारखा फ्लॅश कोन धरत नाय.”

तेवीस वर्षांत त्याने तिच्या कामाबद्दल काढलेला हा पहिला चांगला शब्द होता. तो आत्ताच काढायला नको होता.

जेवण झाल्यावर ॲनीने बॅग पुन्हा भरली. फेबियनने सेल फ्लॅशमध्येच ठेवले होते, प्रवासात बटण दाबलं गेलं तर उतरून गेले असते. तिने ते काढून वेगळे बांधले. वायरची वेटोळी सारखी केली. पुड्या दोन्ही कॅमेऱ्यांच्या बाजूला सरकवल्या. मग तिने स्वतःच्या कपड्यांची बॅग उघडून शकूने शिवलेला पिवळा ड्रेस बाहेर काढला. फ्लॅश धरणाऱ्याने भडक कपडे घालायचे नसतात. उजेड कापडावर आपटून परततो आणि जवळच्या माणसाचा चेहरा काविळीसारखा दिसतो. हे फेबियननेच तिला लग्नाच्या पहिल्या वर्षी शिकवलं होतं. ड्रेस तिने घडी न मोडता कपाटात ठेवला आणि त्याच्या जागी गडद निळे दोन फ्रॉक भरले.

फेबियन बघत होता.

हॅवलॉकला तिसऱ्या दिवशी सूर्य बुडाल्यावर सगळ्या कुटुंबाचा फोटो ठरला होता. शेठला मागे रिसॉर्टच्या दिव्यांची माळ आणि फुलांनी लिहिलेला पन्नासचा आकडा हवा होता. म्हणून चौतीस माणसं किनाऱ्यावर रिसॉर्टकडे पाठ करून बसवली आणि फेबियन-ॲनी पाण्याच्या बाजूला उभे राहिले. मधल्या दोन खुर्च्यांवर म्हातारा-म्हातारी होते. म्हातारीने ॲनीकडे बोट केलं.

“ह्यांना पण घ्या की. तीन दिवस नुसत्या उभ्या आहेत बिचाऱ्या.”

“अगं आई,” परेश शेठ समजुतीने म्हणाले, “त्या आल्या तर लाइट कोण धरणार?”

सगळे हसले. म्हातारीही हसली. ॲनी हसली.

फेबियनने कॅमेऱ्याला डोळा लावला. दोन्ही टोकांची माणसं कापली जात होती. तो चार पावलं मागे सरकला आणि म्हणाला, “मागं ये. पुढची रांग पांढरी पडेल.” फ्लॅश फार जवळ असला की पुढचे चेहरे जळतात आणि मागचे अंधारात राहतात, अंतर वाढवलं तर उजेड कमी होतो, पण सगळ्यांवर सारखा पडतो. ॲनी मागे सरकली. “आनखी,” तो म्हणाला. ती आणखी सरकली. पायाखालची वाळू आधी घट्ट झाली, मग ओली.

“आनखी थोडी.”

पाणी घोट्याशी आलं, मग पोटरीपर्यंत. निळ्या फ्रॉकची कड भिजून पायांना चिकटली. पाणी कोमट होतं, एवढं तिला कळलं. फ्लॅशचा हात तिने आणखी उंच केला, कारण ती खाली उतरली होती आणि उजेड होता तिथेच राहायला हवा होता. मागे वळून समुद्र बघता येणार नव्हता. फेबियनने ‘एक, दोन’ म्हटलं होतं, आणि समोर चौतीस माणसं तिच्या हाताकडे बघून हसत थांबली होती.