काउंटरवरचे पाच प्रश्न

सिस्टरांना निवृत्त होऊन दहा वर्षं झाली होती, तरी सगळे त्यांना सिस्टरच म्हणत. पस्तीस वर्षं इस्पितळात काढल्यावर माणसाला दुसरं नाव उरत नाही. वय अडुसष्ट, पाठ ताठ आणि आवाज असा की वॉर्डाच्या या टोकाला हळू बोलल्या तरी त्या टोकाचा पेशंट उठून गोळी घेईल.

अशा बाईला गेले तीन महिने घरात कुजबुजत वागावं लागत होतं. कारण त्या नवऱ्यापासून लपवून मोटार चालवायला शिकत होत्या.

नवरा छापखान्यात मुद्रितशोधक होता. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका शोधून पोट भरलं, त्यामुळे घरातही चूक म्हणून काही सुटत नसे. वाण्याच्या यादीतला ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करून मगच तो यादी पाठवी. त्याला आधी सांगितलं असतं, तर गाडी सुरू होण्यापूर्वी त्याने शंभर चुका काढल्या असत्या. म्हणून सिस्टरांनी ताकास तूर लागू दिली नाही. सकाळी सात वाजता "गुडघ्याच्या व्यायामाला जाते" म्हणून निघायच्या आणि कोपऱ्यावर ड्रायव्हिंगच्या मास्तरांच्या गाडीत बसायच्या. तिसऱ्या महिन्यात लायसन्स मिळालं. तेही त्यांनी साड्यांच्या घडीखाली ठेवलं.

मग एके दिवशी मास्तरांचा फोन आला. "सिस्टर, माझ्या मेव्हण्याची छोटी गाडी विकायला निघालीय. एकाच हातात वापरलेली. दोन लाख ऐंशी. दुसऱ्याला मी तीन सांगितलेत, तेव्हा कुणाला बोलू नका. आणि रोख द्या, आजच, नाहीतर ती गेली म्हणून समजा."

सिस्टर तशाच पर्स घेऊन बँकेत गेल्या.

तीन नंबरच्या काउंटरवरचा कॅशियर जुना ओळखीचा. त्याने स्लिप घेतली, आकडा वाचला आणि चष्मा कपाळावर चढवला.

"सिस्टर, तुम्हाला मॅडमना भेटावं लागेल. एवढी रोख असेल आणि ग्राहक साठीच्या पुढचा असेल, तर तसा नवा नियम आहे."

"माझे पैसे, माझी सही, माझं खातं. मॅडमचं काय आहे त्यात?"

"मॅडमचं काही नाही हो. प्रश्न विचारतात फक्त. पाच."

मॅडम म्हणजे शाखेतली अधिकारी, जेमतेम तिशीची मुलगी. तिने सिस्टरांना काउंटरमागच्या छोट्या खोलीत नेलं, पाणी दिलं, दार लोटलं आणि टेबलाच्या काचेखालच्या कागदावर बोट ठेवलं.

"पहिला प्रश्न. पैसे कशासाठी हवेत?"

सिस्टरांनी मॅडमच्या डोक्यावरच्या भिंतीकडे पाहिलं. तिथे बँकेनेच मोठं पत्रक लावलं होतं: खात्याची आणि पैशांची माहिती कुणालाही सांगू नका. बँकेचा माणूस म्हणून कुणी विचारलं, तरीही नाही.

"नाही सांगणार," सिस्टर म्हणाल्या.

"का?"

"वर वाचा."

मॅडमने मान वळवून पत्रक वाचलं. रोज त्याच्याखाली बसून तिने ते कधी वाचलं नसावं. "अहो, ते फोनवर विचारणाऱ्यांबद्दल आहे."

"तसं लिहिलेलं नाही. बँकेचा माणूस म्हणून विचारलं तरी नाही, असं आहे. तुम्ही बँकेचंच माणूस आहात ना?"

"हो."

"मग झालं."

मॅडमने एक दीर्घ श्वास घेतला. "मग मला दुसरा मार्ग घ्यावा लागेल. गेल्या वर्षी तुम्ही फॉर्ममध्ये विश्वासातल्या व्यक्तीचं नाव आणि नंबर दिलाय. त्यांना फोन करायचा, असा नियम आहे."

"कुणाचा दिलाय मी?"

"पती."

फॉर्म भरताना विश्वासातली व्यक्ती एकच सुचली होती, आणि आज सगळ्या जगात नको होती ती तेवढीच. "थांबा, थांबा," त्या घाईने म्हणाल्या, "सांगते. गाडी घ्यायचीय."

"छान! कुणी फोन करून पैसे काढायला सांगितलं का?"

"हो. मास्तरांनी."

"आजच हवेत, असं म्हणाले?"

"आजच."

"रोखच?"

"रोखच."

"आणि कुणाला सांगू नका, असं...?"

"बिलकुल सांगू नका म्हणाले," सिस्टर म्हणाल्या. खोटं बोलायची त्यांना सवयच नव्हती; तीन महिन्यांतला सगळा साठा त्यांनी गुडघ्यांवर खर्च केला होता.

मॅडमचा चेहरा उतरला. कागदावरच्या पाचही प्रश्नांपुढे नको ते उत्तर आलं होतं. परीक्षेत एवढे पैकीच्या पैकी कुणालाच पडले नव्हते.

"सिस्टर, हे लोक असेच बोलतात," ती हळू म्हणाली. "गोड बोलतात, घाई करतात, कुणाला सांगू देत नाहीत."

"मास्तर गोड बोलतात? अहो, तीन महिने माझ्यावर 'क्लच! क्लच!' करून ओरडतोय तो माणूस."

"त्यांना कागद घेऊन इथे बोलवाल?"

सिस्टरांनी फोन लावला आणि मॅडमने सांगितलं म्हणून तो सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला. मास्तरांचा आवाज खोलीत घुमला. "बँकेत? छे छे, मी बँकेची पायरी चढत नाही. तुम्ही पैसे घेऊन चौकात या, मी उभा आहे."

मॅडमच्या भुवया केसांपर्यंत गेल्या. सिस्टरांनी डोळे मिटून घेतले.

"पाहिलंत?"

"अहो, ते तसेच आहेत. मागे त्यांना एका बँकेत तीन तास बसवलं होतं, म्हणून."

मॅडमने काचेखालचा कागद सरळ केला. तो सरळच होता. मग ती म्हणाली, "दोन महिन्यांपूर्वी एक आजोबा आले होते. असेच. घाईत. मी त्यांना पैसे मोजून दिले, पिशवी दिली, हसून दारापर्यंत सोडलं. बाहेर माणूस उभाच होता. संध्याकाळी आजोबा परत आले, तेव्हा त्यांना धड बोलताही येत नव्हतं. पैसे गेले ते गेलेच. हा पाच प्रश्नांचा नियम नंतर आला. तुम्ही माझ्यावर चिडा. पण मी देणार नाही."

सिस्टरांनी आयुष्यात पुष्कळ तरुण पोरींना पहिल्यांदा पेशंट गेल्यावर पाहिलं होतं. तोच आवाज होता हा. त्यांचा राग निम्मा तिथेच ओसरला. उरलेला निम्मा त्यांनी जपून ठेवला, कारण नवरा अजून यायचा होता.

"करा फोन," त्या म्हणाल्या. "पण गाडीचं नाव काढायचं नाही. आणि आकड्याचंही."

"आम्हाला काढताही येत नाही," मॅडम म्हणाली आणि नियमात होतं तेवढंच फोनवर बोलली: आपल्या पत्नी शाखेत आहेत, सुखरूप आहेत, आपण लगेच येऊ शकाल का?

'सुखरूप आहेत' हे शब्द ऐकून आजवर कुणाचा जीव भांड्यात पडला आहे? पंचवीस मिनिटांत नवरा हजर झाला. एका पायात चप्पल, दुसऱ्या पायात घरात घालायची सपात, शर्टाची बटणं एकेक घर चुकलेली.

"काय झालं? पडलीस? गुडघा?"

"गुडघा ठीक आहे," सिस्टर म्हणाल्या. "बसा. गुडघ्याबद्दलच सांगायचंय."

आणि त्यांनी सांगितलं. सगळं. मॅडम उठून जाऊ लागली, तर दोघांनी एकदमच तिला बसवलं. साक्षीदार दोघांनाही हवा होता.

नवरा म्हणाला, "म्हणजे गुडघे बरे होतायत म्हणून मी तीन महिने आनंदात होतो, ते..."

"ते दुखतायतच. क्लचनं जास्त दुखतात."

"आणि लायसन्स मिळालं? पहिल्या खेपेला?"

"पहिल्या."

"मला सांगितलं असतंस तर मी काय खाल्लं असतं तुला?"

"चुका काढल्या असत्या."

नवरा शर्टाची बटणं नीट लावू लागला. "पण गाडी हवीच कशाला? बस आहे की दारात."

याचं उत्तर सिस्टरांना चारचौघांत द्यायचं नव्हतं. "गेल्या महिन्यात तुम्ही तीनदा चुकीच्या बसमध्ये बसलात."

"एकदा. बाकी दोनदा बसच चुकीची आली होती."

"तुम्हाला लांबचे आकडे दिसत नाहीत. दिसत नाहीत म्हणून तुम्ही कुणाला विचारतही नाही. परवा छापखान्यातल्या मित्राकडे निघालात आणि दोन तासांनी घरी येऊन म्हणालात, तो भेटला नाही. तुम्ही पोचलाच नव्हतात." त्यांचा आवाज पहिल्यांदाच वॉर्डाच्या त्या टोकापर्यंत गेला नाही. "मला वाटलं, आपणच तुम्हाला नेऊन सोडावं. हात दाखवून थांबवायची गरज नाही अशी एखादी बस असावी घरात."

नवऱ्याने खिशातून रुमाल काढला, चष्मा पुसला, परत घातला आणि भिंतीवरच्या पत्रकाजवळ जाऊन नाक टेकेल इतक्या अंतरावर उभा राहिला. मॅडमला वाटलं, म्हातारा रडतोय. थोड्या वेळाने त्याने विचारलं, "पेन आहे का? यात दोन चुका आहेत."

तेवढ्यात बाहेर वॉचमनचा आरडाओरडा ऐकू आला. चौकात उभं राहून कंटाळलेले मास्तर अखेर गाडी घेऊनच आले होते आणि ती थेट बँकेच्या दारात लावून वॉचमनशी हुज्जत घालत होते. सोबत मेव्हणाही होता. घामाघूम, कागदांची पिशवी छातीशी धरलेला. दोघांना बघून मॅडमच्या डोळ्यांतली भीती जरा निवळली. पळून जाणारे लोक वॉचमनशी एवढं भांडत नाहीत.

"मास्तर, कागद," सिस्टर म्हणाल्या.

"आता माझ्यावरही विश्वास नाही का?"

"विश्वास आहे. कागद."

मॅडमने ओळखपत्रं पाहिली, नावं ताडली. गाडी खरंच मेव्हण्याच्या नावावर होती. मास्तर विजयी मुद्रेने बसले. मग नवऱ्याने हात पुढे केला. "मी बघू?"

त्याने खिशातलं भिंग काढलं आणि कागद वाचायला घेतले, छापायला जाणारं पुस्तक वाचावं तसे. एक ओळ, एक बोट. खोलीत पंख्याचा आवाज तेवढा येत होता. मास्तर चुळबुळ करू लागले. दहा मिनिटांनी नवऱ्याचं बोट थांबलं.

"चासीचा, म्हणजे गाडीच्या सांगाड्याचा नंबर. नोंदणीच्या कागदावर शेवटून तिसरा आकडा तीन आहे. विम्याच्या कागदावर आठ."

"हॅ! तीन काय, आठ काय," मास्तर म्हणाले.

"इंग्रजी तीन एका बाजूने उघडा असतो, आठ मिटलेला," नवरा शांतपणे म्हणाला. "गाडीवर काय आहे?"

सगळे बाहेर गेले. बॉनेट उघडलं गेलं. नवरा भिंग घेऊन आत वाकला, आणि त्याच्या पाठोपाठ मेव्हणाही. आकडा तीनच होता. विमा कंपनीच्या कुण्या कारकुनाने चार वर्षांपूर्वी आठ केला होता, आणि मेव्हणा चार वर्षं नेमाने दुसऱ्याच कुठल्या गाडीचा हप्ता भरत होता. हे कळल्यावर तो फुटपाथवरच बसला. "म्हणजे कुठे धडकली असती तर मला एक पैसा मिळाला नसता?"

"नाही," मॅडम म्हणाली.

मेव्हण्याने मास्तरांकडे असं पाहिलं की मास्तर लगेच दुसरीकडे बघू लागले. मग मेव्हणा नवऱ्याला म्हणाला, "काका, दोन सत्तर द्या. दहा तुमच्या डोळ्यांचे."

मॅडमने अट घातली: आधी विम्याचा कागद दुरुस्त, मग पैसे, आणि रोख नाही, खात्यातून मेव्हण्याच्या खात्यात. मेव्हण्याला ते चाललं. मास्तरांना चाललं की नाही, हे कुणी विचारलं नाही. कागद दुरुस्त व्हायला सहा दिवस लागले. सातव्या दिवशी सिस्टरांनी बँकेत जाऊन फॉर्मवर सही केली आणि कॅशियरने त्यांची रोखीची जुनी स्लिप न वापरताच फाडून टाकली.

निघताना मॅडम म्हणाली, "त्या दिवशी मी फार त्रास दिला तुम्हाला."

"दिलास," सिस्टर म्हणाल्या. तिला अगं-तुगं केल्याचं त्यांच्या लक्षातही आलं नाही. "देत जा. जेवलीस का?"

"अजून नाही."

"मग आधी जेव. माणसं नंतर वाचव."

गाडी घेऊन निघाल्या तेव्हा नवरा शेजारी बसला होता, दोन्ही हातांनी पट्टा धरून. पहिल्याच सिग्नलला गाडी बंद पडली. सुरू केली, पुन्हा बंद पडली. मागे हॉर्नचा गदारोळ उठला. सिस्टरांच्या कपाळावर घाम आला. ऑपरेशनच्या टेबलापाशी कधी आला नव्हता. आता हा माणूस काहीतरी बोलणार, म्हणून त्यांनी दात आवळले.

नवऱ्याने काच खाली केली, अर्धं अंग बाहेर काढलं आणि मागच्या सगळ्या रांगेला ओरडून सांगितलं, "ओरडू नका! शिकतीय ती! अडुसष्टाव्या वर्षी! तुमच्यात आहे हिंमत?"

हॉर्न थांबले. एकजण तर हसून हात हलवू लागला. तिसऱ्या प्रयत्नात गाडी निघाली आणि घरापर्यंत कुठे थांबली नाही, थांबवायला हवी होती तिथेही नाही.

इमारतीखाली मात्र पंचाईत झाली. मास्तरांनी गाडी मागे घ्यायला म्हणावं तसं शिकवलंच नव्हतं. शेजारपाजारचे चारजण खाली उतरले, चौघांनी चार दिशांना हात दाखवले, आणि अर्ध्या तासाने गाडी दोन गाड्यांच्या मधे तिरपी अडकून उभी राहिली. सिस्टरांनी किल्ली काढली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं.

नवरा उतरला. गाडीभोवती एक पूर्ण फेरी मारली, वाकून चाकं पाहिली. सगळे त्याच्या तोंडाकडे बघू लागले.

"राहू दे," तो म्हणाला. "तिरपी बरी दिसतेय."