प्रोलीननंतरचे मणी

ब्रिस्बेनच्या त्या प्रयोगशाळेत दहा वाजले की सगळे हातमोजे उतरवून चहाला जातात. त्या बुधवारी लिनेट मात्र वही उघडून उभीच राहिली. सोमवारची ओळ तिच्याच अक्षरात होती : मणी पिवळे, जोड पूर्ण.

ती मेलानोमासाठी पेप्टाइड बनवत होती, म्हणजे बारीक मण्यांवर एकेक कडी जोडत वाढवायची छोटी साखळी. ती रक्तातून जाऊन त्या कर्करोगाच्या पेशींनाच चिकटते आणि तिला बांधलेला किरणोत्सारी धातू त्यांना तिथेच मारतो. प्रत्येक कडीनंतर चिमूटभर मणी रसायनात तापवायचे. निळे झाले तर जोड अपुरी, पिवळे राहिले तर पुढे चालायचं. फक्त प्रोलीन नावाच्या कडीवर पुढची कडी जोडली की ही परीक्षा फसवते. जोड अपुरी असली तरी मणी निळे होत नाहीत. तिथे दुसरी परीक्षा लागते. लिनेटला हे पाठ होतं. पण सोमवारी वडिलांना जाऊन सहा महिने झाले होते.

नऊ दिवसांनी धातू येणार होता. तो आठवड्यात निम्मा विझतो, ठेवून देता येत नाही. बंडाबर्ग गावचा एक छपरं घालणारा रुग्ण या औषधासाठी थांबला होता. ही पाळी हुकली तर पुढची सहा आठवड्यांनी. तेवढ्या दिवसांत माणूस किती उरतो, ते लिनेटने घरी पाहिलं होतं.

ती चहाच्या खोलीत नोलीनपाशी गेली. तेहतीस वर्षं हाताने पेप्टाइड बनवणारी नोलीन केक खात होती.

"प्रोलीननंतर मी साधीच परीक्षा केली."

"मग पुढे किती कड्या जोडल्यास?"

"चार. शेवटी शुद्ध करताना चुकीच्या साखळ्या वेगळ्या निघतील ना?"

"एका कडीचा फरक, बाई. जुळ्या बहिणींसारख्या हातात हात घालून बाहेर येतील." नोलीनने बोटं पुसली. "त्या माणसाच्या शिरेत मी 'बहुतेक' सोडणार नाही. कधी लक्षात आलं?"

"आत्ता. दहा मिनिटं झाली."

"मी हीच चूक केली तेव्हा तीन दिवस तोंड शिवून बसले होते. रडायचं असेल तर इथेच रड. हातमोजे घातल्यावर नाक पुसता येत नाही."

नोलीनने स्वतः त्या माणसाच्या डॉक्टरांना फोन लावला. "चूक झाली होती, सापडली. नवं करतोय, वेळेत देऊ." कोणाची चूक, ते तिने सांगितलं नाही. मग दोघींनी पहिल्या कडीपासून सुरुवात केली. नोलीन काचेचं भांडं इतक्या हलक्या हाताने हिंदकळवत होती की एकही मणी काठाला चिकटला नाही.

प्रोलीननंतर लिनेटने दुसरी परीक्षा केली. मणी हिरवट निळे झाले. जोड अपुरीच होती.

"पुन्हा," नोलीन म्हणाली.

तिसऱ्या खेपेला रंग आला नाही. जोड पूर्ण.

औषध दिल्यावर दुसऱ्या दिवशी त्या माणसाच्या स्कॅनचं चित्र आलं. यकृतात चार ठिपके, फुप्फुसात दोन. वडिलांच्या चित्रांत असा प्रत्येक ठिपका म्हणजे वाईट बातमी असे. हे मात्र औषधाने उजळले होते. तिने त्याचं औषधाआधीचं चित्र शेजारी धरून एकेक ठिपका ताडून पाहिला. सहाही ठिकाणी औषध पोचलं होतं.