अर्धीच काठी

वामनराव कोराडीच्या वीज केंद्रात इंजिनिअर. दर रविवारी सकाळी स्कूटर काढून ते नागपूरला गोल्फ खेळायला जात. अठ्ठ्याहत्तरच्या हिवाळ्यात मात्र त्यांचा चेंडू सारखा भोकावरच्या झेंड्याच्या उजवीकडे जाऊ लागला. हात तेच, फटका तोच, पण नेम काही लागेना.

"फटक्यात खोट नाही," सोबत खेळणारे वकील शरच्चंद्र एकदा म्हणाले. "तुम्ही उभेच तिरपे राहून राहिले. पाय, खांदे, सारं उजवीकडे."

त्यांनी एक सरळ काठी झेंड्याच्या दिशेनं गवतावर टाकली. "आता दोन्ही पाय हिच्या रेषेत ठेवा."

वामनरावांनी पाय ठेवले. तिरपेच पडले. पुन्हा ठेवले. पुन्हा तेच.

"अहो, काठी पाहा ना!"

"पाहूनच राहिलो. पण अर्धीच काहून टाकली? दुसरी आणा ना गा, चांगली लांब."

शरच्चंद्र हसले. मग त्यांचं हसू विरलं. ते खाली वाकले आणि काठीच्या डाव्या टोकाशी बोटं हलवत म्हणाले, "हे दिसते का?"

"काय?"

शरच्चंद्रांनी काठीच्या त्या टोकावर टकटक केलं. वामनरावांनी मान डावीकडे वळवली, तेव्हा उरलेली काठी दिसली. त्यांना घरचं आठवलं. ताटातली डावीकडची चटणी-कोशिंबीर तशीच राहते म्हणून बायको पुष्पलता कुरकुरायची आणि ते तिच्यावरच खेकसायचे. स्कूटर फाटकाला घासली, तीही डावीकडूनच.

"स्कूटरची किल्ली द्या," शरच्चंद्र म्हणाले. वामनरावांनी मुकाट्यानं दिली.

तपासणीत मेंदूत गाठ निघाली; उजवीकडे, मागच्या बाजूला, जिथून डावीकडचं दिसणं चालतं. मुंबईला ऑपरेशन झालं. जीव वाचला, पण डावं अंग गेलं. शरच्चंद्र रविवारी येत, खाटेच्या उजवीकडे खुर्ची ओढून बसत.

"पुढच्या थंडीत जाऊ खेळाले," ते एकदा म्हणाले.

"खोटं नका बोलू. वकिली कोर्टात ठेवा."

गाठ पुन्हा वाढली. पावसाळ्यात एका दुपारी वामनराव कासावीस होऊन हाका मारू लागले, "पुष्पा! कुठं गेली वं?"

पुष्पलता डाव्या बाजूलाच बसली होती, त्यांचा हात हातात घेऊन. त्यांना ती दिसत नव्हती, तिचा हातही कळत नव्हता. ती उठली, खाटेला वळसा घालून उजवीकडे आली.

"इथंच होती ना मी."

"मले वाटलं, एकटाच आहो," ते म्हणाले.

पोळ्याच्या आधीच ते गेले.