बेचाळीस घरांचं दूध

बुरुल संसदेची उमेदवार म्हणून आमच्या गावी, कोक-बेलेसला, आली तेव्हा बायकांनी तिला घरात घेतलं, कारण आलेल्या माणसाला आम्ही दारात उभं करत नाही. झूराकान अपाने, गावच्या थोरल्या बाईने, तिला चहाही दिला, पण वाटी काठोकाठ भरून. पाहुण्याने बसावं असं वाटलं तर आम्ही वाटी अर्धीच भरतो आणि पुन्हा पुन्हा भरत राहतो. भरलेल्या वाटीचा अर्थ बुरुलला कळला. तिने ती दोन्ही हातांनी उचलली आणि सावकाश पिऊ लागली.

"आमच्याच दुधाचा आहे," झूराकान अपा म्हणाली. "मोजून घ्यायचा असेल तर तुझी काचेची नळी आणली असशीलच."

बायका हसल्या.

"नळी गाडीत आहे, अपा. आज मत मागायला आले आहे."

"आधी आमचा कुरुत बुडवलास, आता मत नेतेस. पुढच्या खेपेला पातेली ने, पोरी. तशीही रिकामीच आहेत."

राग खोटा नव्हता. बुरुल पर्यावरण अभियंता. युरेनियमच्या जुन्या खाणींखाली वसलेल्या गावांचं पाणी, माती आणि दूध तपासण्यात तिची दहा वर्षं गेली होती. आमच्या गावचा युरेनियमचा कारखाना मी शाळेत जायच्या आधीच बंद पडला. त्याचा गाळ नदीकाठच्या टेकाडात पुरला आहे, वर हातभर माती. भोवती तारेचं कुंपण होतं. वाईट दिवसांत लोकांनी ती तार काढून कोंबड्यांच्या खुराड्यांना लावली. माझ्या अंगणातही ती होती.

मागच्या एप्रिलमध्ये बुरुलने गावातल्या गाई असलेल्या बेचाळीसही घरांतून दूध नेलं आणि अहवालात लिहिलं की तीनपैकी एका घराचं दूध मुलांना देण्याजोगं नाही. टेकाड हलवलं जावं म्हणून तिने ते लिहिलं. मंत्रालयाने अहवाल फाईलीत ठेवला. वाचला तो बाजाराने. तेव्हापासून शहरात कोक-बेलेसचं नाव ऐकलं की गिऱ्हाईक हातातला कुरुत परत टोपलीत टाकायचं. दह्याच्या त्या सुक्या खारट गोळ्यांवर आमची निम्मी घरं चालत होती.

असे अकरा अहवाल लिहून झाल्यावर एका अधिकाऱ्याने तिला सांगितलं होतं, "ताई, टेकाडं हलवायला कायदा लागतो, आणि कायदा करणारे अहवाल वाचत नाहीत." पुढच्या निवडणुकीत तिने संसदेसाठी अर्ज भरला. समोर शारशेन होता, आमचा जुना जिल्हाप्रमुख. तो प्रत्येक सभेत एवढंच म्हणायचा, "हिने कोक-बेलेसचं दूध नासवलं." नदीच्या खालच्या अंगाला आणखी नऊ गावं आहेत, प्रत्येकाजवळ असंच एक टेकाड. जिथे तिने मोजलं तिथलेच लोक तिला हाकलत असतील, तर बाकीच्यांनी तिला का निवडावं? म्हणजे तिची निवडणूक आमच्या गावातच ठरणार होती, आणि आमच्या गावाने वाटी काठोकाठ भरली होती.

मी शाळेत रसायनशास्त्र शिकवते, म्हणून सगळे मला मुगालिम म्हणतात. चहा संपल्यावर मी तिला माझ्या घरी नेलं आणि मूळ नोंदी मागितल्या. तक्ते बनवण्याआधीच्या.

"काय शोधताय, मुगालिम?" तिने विचारलं.

"माहीत नाही. एका भिंतीपलीकडच्या दोन घरांच्या गाई एकच गवत खातात. मग एकाचं दूध चांगलं आणि दुसऱ्याचं वाईट कसं, हे वर्षभर डोक्यात आहे."

प्रत्येक ओळीत घरमालकाचं नाव, तारीख आणि आकडा होता. तिने घरं गल्लीच्या क्रमाने लावली होती. मी नोंदींच्या पट्ट्या कापल्या आणि सतरंजीवर तारखांच्या क्रमाने मांडल्या. तिने रोज तीन घरं अशी चौदा दिवस फेरी केली होती. पाच तारखांना तिन्ही आकडे मर्यादेच्या वर होते. उरलेल्या नऊ तारखांना एकही नाही.

ती गुडघ्यांवर बसली आणि एकेका तारखेवर बोट ठेवत गेली.

"त्या दिवशीच्या तीन घरांचा एकमेकांशी काय संबंध?"

"घरांचा नाही. गाईंचा. त्या एकत्र चरतात."

"कुठल्या?"

"सगळ्या. गावाचा एकच कळप आहे. राखायची बारी रोज एका घराची."

ती राजधानीत, बिश्केकमध्ये, चौथ्या मजल्यावर वाढली होती. ज्याची गाय तो तिला आपल्या रानात चारतो, असं तिने धरून चाललं होतं. आणि आम्ही तिला सांगितलं नव्हतं, कारण गाई एकत्र चरतात हे कुणाला सांगावं लागतं असं आम्हाला कधी वाटलंच नाही.

बाऱ्यांची यादी दुकानाच्या दारामागे असते. आज चरलेलं उद्याच्या दुधात उतरतं, म्हणून आम्ही गेल्या वर्षीचा कागद उलटून त्या पाच तारखांच्या आदल्या दिवसांची नावं पाहिली. पाचही घरं अशी निघाली जिथे वरच्या कुरणापर्यंत चढायला कुणाचे पाय उरले नव्हते. म्हातारी माणसं, एक विधवा, मुलगे रशियात गेलेले आईबाप. त्यांनी गाई जवळच सोडल्या होत्या, टेकाडावर. एप्रिलमध्ये सगळ्यात आधी तिथेच गवत येतं. यादीतलं तिसरं नाव झूराकान अपाचं होतं.

"ही नावं बाहेर येता कामा नयेत," बुरुल म्हणाली.

"मग लोकांना सांगणार काय?"

"माझी चूक सांगेन."

"शारशेन तुम्हाला कच्चं खाईल."

"खाऊ दे," ती म्हणाली. "आकडा तर बरोबर होईल."

शुक्रवारी शाळेच्या सभागृहात दोन्ही उमेदवार बोलायला आले. शारशेन आधी बोलला आणि त्याला टाळ्या पडल्या. मग बुरुल उभी राहिली.

"मागच्या वर्षी मी लिहिलं की या गावात तीनपैकी एका घराचं दूध वाईट आहे. ते चूक होतं. वाईट घर एकही नाही. वाईट जागा एक आहे, आणि तिथे गाई चरल्या तर दुसऱ्या दिवशी बेचाळीसही घरांचं दूध वाईट होतं. चरल्या नाहीत तर एकाचंही होत नाही. चौदांपैकी पाच दिवस त्या तिथे चरल्या होत्या."

शारशेन खुर्चीतूनच बोलला. "ऐकलंत? बाई स्वतःच सांगते की हिला मोजता येत नाही. हिला पाठवायचं संसदेत?"

सभागृह हसलं.

"मोजता येतं," बुरुल म्हणाली. "विचारायला विसरले. तुमच्या गाई कुठे चरतात, हे मी एकाही बाईला विचारलं नाही. त्याची शिक्षा तुमच्या कुरुतला झाली. मी माफी मागते."

हसणं थांबलं. मागून कुणीतरी विचारलं, "त्या पाच बाऱ्या कुणाच्या होत्या?"

"ते मी सांगणार नाही."

"का? त्यांची मतं जातील म्हणून?"

"त्यांच्या घरी डोंगर चढायला कुणी नव्हतं म्हणून. त्यात त्यांचा दोष नाही."

"नावं नाहीत म्हणजे पुरावा नाही," शारशेन म्हणाला. "आधी एक गोष्ट रचली, आता दुसरी."

नावं बुरुलच्या पिशवीत होती. मी तिच्या शेजारी बसले होते, तिचा हात पिशवीच्या बंदावर घट्ट होता, आणि तो तिथून हलला नाही.

पुढच्या रांगेत झूराकान अपा बाकाला धरून उठली. तिला उठायला वेळ लागला आणि तेवढा वेळ सगळे थांबले.

"एक बारी माझी होती," ती म्हणाली. "गुडघे गेलेत. मुलगा मॉस्कोत लोकांच्या भिंती रंगवतो. वरच्या कुरणात गाई कोण नेणार होतं, शारशेन? तू? तुझ्या काळ्या गाडीत बसवून?"

आता सभागृह वेगळंच हसलं. अपा बुरुलकडे वळली.

"तुला ठाऊक होतं?"

"हो, अपा."

"आणि त्या दिवशी मी तुला तसा चहा पाजला, तरी आज तू बोलली नाहीस."

"चहा चांगला होता."

मग सेयदाली नावाचा म्हातारा उभा राहिला आणि म्हणाला, दुसरी बारी माझी. बाकीची तीन घरंही उठली. आमच्या शाळेचा व्यायामशिक्षक म्हणाला, या पाचांच्या बाऱ्या आम्ही तरुण मंडळी घेतो, आणि लगेच चार हात वर झाले. कोण कुठल्या दिवशी जाणार यावरून वाद सुरू झाला. शारशेन केव्हा निघून गेला ते मी पाहिलं नाही.

रविवारी लोकांनी खुराड्यांची तार सोडवली आणि टेकाडाभोवती ठोकली. कोंबड्या आठवडाभर गावभर हिंडत होत्या. बुरुलने पुन्हा चौदा दिवस दूध घेतलं. या वेळी प्रत्येक नोंदीत एक रकाना जास्त होता: काल गाई कुठे होत्या. बेचाळीसही आकडे खालचे आले. तिने प्रयोगशाळेचा कागद स्वतः शहरात नेऊन बाजाराच्या फाटकावर लावला, जुन्या अहवालातल्या चुकीसकट, खाली आपली सही करून. तीन दिवसांनी आमच्या बायका कुरुत घेऊन गेल्या आणि दुपारी रिकाम्या टोपल्या घेऊन परतल्या. खालच्या नऊ गावांनी हे पाहिलं. तिथूनही निरोप येऊ लागले: ती बाई आमच्याकडे कधी येणार? आम्हाला विचारायचंय आणि आम्हाला सांगायचंही आहे.

मतमोजणीला मी आमच्या केंद्रावर होते. एकशे अठ्ठेचाळीस मतांपैकी बुरुलला एकशे एकतीस. दहाही गावांत ती पुढे होती. दुसऱ्या दिवशी निकाल लागला तेव्हा ती आमच्याच घरी नव्या पट्ट्या कापत बसली होती. मी सांगितल्यावर तिने कात्री खाली ठेवली आणि इतकी मोकळी हसली की माझी सासू चुलीपासून उठून बघायला आली.

संसदेतलं तिचं पहिलं भाषण आम्ही दुकानातल्या टीव्हीवर पाहिलं. टेकाडं हलवण्याच्या कायद्याचा मसुदा तिने मांडला तेव्हा मंत्री उठले.

"सन्माननीय सदस्यांच्या अहवालातले आकडे चुकीचे होते. त्यांनीच तसं जाहीर सभेत सांगितलं आहे."

"हो," बुरुल म्हणाली. "नंतर बेचाळीसही घरांत पुन्हा मोजले आणि दुरुस्त केले. आपल्या फाईलीत दहा गावांची जमीन वीस वर्षं 'सुरक्षित' लिहिलेली आहे. ते शेवटचं कुणी मोजलं होतं?"

मंत्री कागद चाळत राहिले. दुकानात सेयदाली खुर्चीवरून अर्धा उठला होता. "बघा," तो म्हणाला, "शोधतोय. शोध बाबा शोध, मिळायचं नाही."

कायदा मंजूर व्हायला सव्वा वर्ष लागलं. विरोधात फक्त नऊ मतं पडली.

पहिले ट्रक सप्टेंबरमध्ये आले. टेकाड उकरून गाळ डोंगरापलीकडच्या पक्क्या बांधलेल्या खड्ड्यात नेऊ लागले. पहिला भरलेला ट्रक गावाच्या रस्त्यावर आला तर झूराकान अपा काठी आडवी धरून मधोमध उभी. चालकाने खिडकीतून डोकं काढलं.

"बाजूला व्हा, अपा. घाई आहे."

"ताडपत्रीचा मागचा कोपरा सुटलाय. धूळ उडतेय."

"थोडी धूळ आहे, काय होतंय?"

"काय होतं ते मला विचार. चार फेऱ्यांत पसाभर उडाली तरी ती गवतावर बसते, गवत गाय खाते, आणि दुसऱ्या दिवशी ती दुधात असते. दुसऱ्याच दिवशी, कळलं का? उतर खाली आणि बांध."

चालक कुरकुरत उतरला. मागे आणखी सहा ट्रक थांबले होते. अपाने त्या सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि काठी टेकत दुसऱ्याच्या ताडपत्रीकडे निघाली.