गेनबाच्या मळ्यातला प्रवास

श्रीधर तंजावरचा. शिकायला पुण्यात येऊन त्याला बरीच वर्षं झाली होती, पण पाठशाळेच्या लेखी तो अजून परमुलखातलाच. खरं तर त्याचे आजोबा कात्रजचा घाट उतरलं की लागणाऱ्या एका खेड्यातले. कोणा सरदाराबरोबर ते तंजावरास गेले आणि तिथेच राहिले. म्हणजे परमुलखात गेले ते आजोबा. हा तर परत आला होता. पण हे पुणेकरांना समजावणार कोण? त्याने तोंड उघडलं की सोबती म्हणत, "बोलले बघा आमचे पणजोबा!" इतकं त्याचं मराठी जुनं होतं.

आता शिक्षण संपलं होतं. पौर्णिमा उलटली की रामेश्वराला जाणारा एक संघ दिवे घाटाच्या वाटेने निघणार होता, आणि त्याच्याबरोबर श्रीधर घरी परतणार होता. येताना वडिलांनी एकच काम सांगितलं होतं, "आपलं गाव डोळ्यांनी पाहून ये. माझ्या नशिबात ते नाही." ते काम तेवढं राहिलं होतं, आणि हाती उरले होते चतुर्दशी, पौर्णिमा, प्रतिपदा हे अनध्यायाचे दिवस. पाठ बंद, घोकंपट्टी बंद, शास्त्रीबुवांची छडीही बंद.

"एकटा कशाला जातोस? आम्ही येतो की," दीनानाथ म्हणाला. हा कोकणातला, बोलण्यात कोणाला हार न जाणारा. तिसरा दिगंबर, वाईचा. तो पंचांग पाहिल्याशिवाय कूससुद्धा बदलत नसे.

दिगंबराने मुहूर्त काढला तो बुधवारी सकाळचा. दीनानाथाचा चेहरा पडला. "म्हणजे माधुकरीच्या आधी? उपाशीपोटी घाट चढायचा?"

"मग प्रस्थान ठेवू," दिगंबर म्हणाला.

मुहूर्तावर स्वतःला निघता येत नसेल, तर आपली एखादी वस्तू जायच्या दिशेला दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायची. वस्तू निघाली म्हणजे माणूस निघाला; मग तो सवडीने गेला तरी चालतं. त्याप्रमाणे तिघांची उपरणी, तांदूळ, सुपारी आणि हळकुंड यांचं गाठोडं पर्वतीच्या पायथ्याशी गेनबा माळ्याच्या खोपटात ठेवलं, आणि तिघे झोळ्या घेऊन निश्चिंत मनाने पेठेत परतले.

मथुराबाईंच्या दारात त्यांनी "ॐ भवति भिक्षां देहि" म्हटलं. बाई बाहेर आल्या आणि तिघांना खालपासून वरपर्यंत न्याहाळू लागल्या.

"तुम्ही गावाला गेलात ना?"

"जायचंय, काकू. अजून..."

"सकाळी प्रस्थान गेलं, मी पाहिलं. गावाला गेलेल्यांना आम्ही वाढत नाही." दार लागलं. पुढच्या दारांतही बातमी त्यांच्या आधीच पोचली होती.

शास्त्रीबुवांकडे दाद मागितली, तर ते म्हणाले, "शास्त्रार्थाने तुम्ही प्रवासात आहात. पाठशाळेत तुमचं पान कसं मांडणार?"

"मग गाठोडं परत आणतो, गुरुजी."

"प्रस्थान माघारी आणणं अशुभ."

तेव्हा तिघे गेनबाच्या मळ्यात जाऊन बसले. गेनबाने पेरू दिले आणि विचारलं, "घाटाकडं कवा निगायचं म्हनता?"

"उद्या गुरुवार," दिगंबर म्हणाला. "दक्षिणेला दिशाशूल. प्रस्थानाने त्याचा दोष जातो की नाही, याबद्दल दोन मतं आहेत."

"आणि परवा?" श्रीधराने विचारलं.

"परवा निघून परत कधी येणार?" दीनानाथाने पेरू पुसला. "अरे, शास्त्राने आपण गेलोच आहोत. आता पायांनी जायचा हट्ट कशाला?"

श्रीधर भिडस्त. वाद घालणं त्याच्या स्वभावात नव्हतं. गुरुवारी उजाडताच तो एकटाच उठला आणि दिशाशूल असलेल्या दिशेला चालू लागला. वाटेत कोणी शिंकलं की आपलं चुकतंय असं त्याला वाटे. मग तो थोडा थांबे, आणि पुन्हा चाले.

घाट उतरून गाव आलं तेव्हा तो क्षणभर गोंधळला. पाच-सात घरं, एक मारुती, हरभऱ्याचं शेत. आजोबांच्या गोष्टींतला चौसोपी वाडा कुठेच नव्हता. शेतातल्या सोजरबाईने विचारलं, "कोनाचा रं तू?"

त्याने आजोबांचं नाव सांगितलं.

"न्हाई बा आयकलं. पन उन्हाचा आलायस, बस. ह्ये खा." तिने हरभऱ्याचे डहाळे उपटून पुढे टाकले. तो बांधावर बसून घाटे सोलत राहिला आणि एकेक घर नीट पाहत राहिला. रात्री मारुतीच्या देवळात निजला.

पाठ सुरू झाला त्या सकाळी शास्त्रीबुवांनी प्रवासाची हकीकत विचारली. दीनानाथाने सांगितली. घाटात वाघाची डरकाळी, दरीत कोसळणारं पाणी, गावात वेशीचा दरवाजा, आणि आजोबांचं नाव ऐकताच पागोटी काढून उभे राहिलेले म्हातारे. दिगंबराने मध्ये मध्ये नक्षत्रं पुरवली. सगळे विद्यार्थी थक्क झाले.

"आणि श्रीधर, तू काय पाहिलंस?"

"पाच-सात घरं. एक मारुती. हरभरा बरा आला होता."

शास्त्रीबुवांच्या कपाळाला आठी पडली. "तू नक्की गेला होतास ना?"

"होता की, गुरुजी," दीनानाथ उदारपणे म्हणाला. "आमच्या मागेच होता."

"मग वडिलांना हा सांगतो तसं सांग. थकलेल्या माणसाला आपलं गाव थोर झालेलं ऐकलं की बरं वाटतं."

श्रीधराच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. आजवर तो गुरुजींना उलट बोलला नव्हता.

"नको, गुरुजी," तो खाली बघत म्हणाला. "एक घर जरी जास्त सांगितलं, तरी त्यात कोण राहतं, हे वडील विचारतील."